मोहिनी टाईपातली पत्रिका

छपाईचे खिळे ओतणाऱ्या मुंबईच्या फाउंड्रीने त्या टाईपाचं नाव 'मोहिनी' ठेवलं होतं. शेगावात आल्यावर थोड्याच दिवसांत लोक त्याला 'तेरवी' म्हणायला लागले. यात टाईपाचा काही दोष नव्हता.

स्टेशन रोडवर इंद्रभानचा छापखाना होता. इंद्रभान चाळिशीचा, अविवाहित, मागे-पुढे कोणी नसलेला. महाराष्ट्र झाला त्या वर्षी त्याने जुने, जाड, झिजलेले खिळे बाजूला सारून हा टाईप आणला. उभी रेघ भरीव, आडवी केसासारखी. प्रत्येक काना खाली येऊन नुसता संपत नसे. फोटो काढून घेताना माणूस पाय जुळवतो तशी बारीकशी टाच टेकवून उभा राही. इंद्रभान जेवताना या टाईपाचं प्रूफ समोर ठेवायचा. समोर बसणारं दुसरं कोणी नव्हतंच.

नव्या टाईपात पहिलं काम आलं ते हिंमतरावांच्या आईच्या तेरवीचं, म्हणजे तेराव्याच्या पत्रिकेचं. हिंमतराव बडे जमीनदार, त्यांना सगळ्यांत महागाचं अक्षर हवं होतं. पत्रिका मोताळ्यापासून मेहकरापर्यंत गेली आणि इतकी वाखाणली गेली, की त्यानंतर ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने तेच अक्षर मागितलं. लग्नवाले मुकाट्याने जाड खिळ्यांकडे परतले. मयतीचं पत्र घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेर वाचून फाडतात. आता वाचायचंही काम उरलं नाही. अक्षर दिसलं की टपालवाल्याला नाव विचारायचं आणि फाडायचं. न शिकलेल्यांना इतक्या लवकर वाचायला शिकवणं सरकारलाही जमलं नव्हतं.

रोहिणखेडच्या पुंजाजींनी आपल्या जावयाच्या तेरवीची पत्रिका इथेच छापली होती. पुढे कधीतरी महाराजांच्या दर्शनाला आले असताना ते पुन्हा छापखान्यात येऊन बसले.

"आता कोन गेलं?" इंद्रभानने विचारलं.

"कोनी नाही गेलं जी. तुमी एकटे, माही पुष्पा एकटी. पाट लावून देऊ म्हनतो."

इंद्रभान रोहिणखेडला जाऊन आला. पुष्पाबाईंची एकच अट होती. विधवेचा पाट रात्री, दिवा बारीक करून, चार माणसांत उरकतात. ते त्यांना नको होतं. "मले चोरावानी न्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "दिवसा या. लोकाईले बोलवा. पत्रिका काढा."

पत्रिका काढणं इंद्रभानला येत होतं. किंबहुना तेवढंच येत होतं.

ती मोहिनीतच निघणार, हे त्याने येतानाच ठरवलं. घरातली सगळ्यांत सुंदर वस्तू तीच. लाल शाईत काढून पाहिली, तर बारीक रेघा बुजल्या. मग काळी घेतली. वर गणपतीचा ब्लॉक लावला, तर त्याच्या भाराने खालची अक्षरं दबून गेल्यासारखी दिसली. देवाची क्षमा मागून ब्लॉक काढला. चहूबाजूंनी भरपूर कोरी जागा सोडली. कोपऱ्यांना हळदीचं बोट लावायला घरात बाई नव्हती, आणि त्याचे हात तर कोपरे स्वच्छ ठेवायलाच सरावलेले. पत्रिका अशी उतरली की तो बराच वेळ बघत बसला. दाखवायला कोणी असतं, तर त्याने एका नजरेत सांगितलं असतं.

पुंजाजींनी दिलेल्या नावांवर पत्रिका टपालात पडल्या.

लग्नाच्या दिवशी इंद्रभान फेटा बांधून एकटाच एस.टी.तून रोहिणखेडला उतरला. मांडव दिसेना. पाणी भरणाऱ्या एका बाईने त्याला पाहून घागर तिथेच ठेवली आणि घरात जाऊन दार लावलं. पुंजाजी ओट्यावर होते. त्यांनी आधी त्याचा हात चाचपून पाहिला.

"जित्ते हा तुमी?"

"हाव. काऊन?"

"तुमचं कारड आलं ना. तेच अक्षर. टपालवाला म्हने, नाव इंद्रभान. म्या फाडलं, आंग धुतलं. गावात ज्याले ज्याले आलं त्यानं फाडलं."

"लग्नाची होती ते पत्रिका, पुंजाजी."

"मंग गनपती कुठी होता?"

इंद्रभानकडे याचं उत्तर होतं. पण छापखान्याबाहेर सांगण्यासारखं ते नव्हतं.

पुंजाजी माणूस उरकता. दिवस अजून मावळायचा आहे, आताच मांडव टाकू, म्हणत ते आत गेले. थोड्या वेळाने बाहेर आल्या त्या पुष्पाबाई. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"मी लय रडली तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "बाया म्हनत, अजून झाला नाही त्या नवऱ्यासाठी काऊन रडून राह्यली? तरी रडली. पह्यल्यासाठी एवढी नव्हती रडली."

"मी तं तुमच्यासमोर उभा हाव."

"हाव ना, दिसता. पन माहं रडून झालं." त्या शांतपणे बोलत होत्या, उरलेलं काम सांगावं तशा. "आता तुमची याद केली तं तोंड येतच नाही डोयापुढं. ते अक्षर येते. तुमाले एकडाव पोचवलं मी. आता परत कुठून आनू? चहा ठेवते, घेऊन जा."

चहा पुंजाजींनीच आणून दिला.

एस.टी.पर्यंत पोचवायलाही तेच आले. इंद्रभानने फेटा उतरवून काखेत धरला होता. गाडीला उशीर होता.

"अक्षर मातर झकास हाय तुमचं," शेवटी पुंजाजी म्हणाले. "माही येळ आली का त्याच्यातच काढजा. तुमच्याच हातानं."

"काढीन," इंद्रभान म्हणाला, आणि सवयीने त्यांचं पूर्ण नाव विचारून घेतलं.