भूकंपातला गडी

“मयताच्या घरचा चहा एवढा गोड करतेत व्हय?” पार्वतीबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. “सोयरीक घेऊन आल्यावानी.”

नीलाने भरलेला चमचा पुन्हा साखरेच्या डब्यात उपडा केला. सासूचं काही चुकलं नव्हतं. पण आलेली माणसं सांत्वनाला आली आहेत की कामाला, हेच तिला नीट कळत नव्हतं, मग चहाचं तरी कसं कळावं?

चूल आणि पाहुणे यांच्यामध्ये जुन्या साडीचा पडदा होता. पलीकडे बाजेवर तिचा चुलत दीर गुरुपादप्पा बसला होता, साइटवरचा मुकादम. त्याला लागून गिलाव्याचे मिस्त्री पाशामियाँ. घरातल्या एकुलत्या खुर्चीवर कामगार खात्याच्या मॅडम होत्या, धम्मप्रिया नावाच्या, वयाने नीलापेक्षा लहानच. आणि दारात कंत्राटदार आप्पासाहेब, पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला. मे महिना होता आणि वर पत्रा.

“आप्पासाहेब, तुम्ही बाहेर थांबा,” मॅडम म्हणाल्या. “घरच्यांशी बोलायचंय.”

“थांबतो की. परकं घर हाय का आपल्याला?”

ते बाहेर जाऊन उंबऱ्याशेजारच्या दगडावर बसले. पत्र्याच्या खोलीला बाहेर असं फारसं नसतंच. त्यांच्या दम टाकण्याचा आवाजही आत येत होता.

नीलाच्या नवऱ्याच्या, मन्मथच्या मातीला आठवडा झाला नव्हता. लातुरात क्लासेसच्या भागात मुलींचं होस्टेल उभं राहत होतं. जूनमध्ये गावोगावच्या पोरी डॉक्टर व्हायला येणार, म्हणून बाहेरचा गिलावा घाईने चालला होता. पाचव्या मजल्याच्या परांचीवरून मन्मथ खाली आला. ‘खाली आला’ असंच सगळे म्हणत होते. ‘पडला’ म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती.

नीलाने कप पुढे केले. मॅडमनी चहा बाजूला ठेवला आणि मांडीवरचे कागद सरळ केले.

“तुम्हा लोकांचे जबाब सारखेच आहेत. कमरेचे पट्टे साइटवर होते, पण मन्मथनेच बांधायला नकार दिला. बरोबर?”

“हाव,” गुरुपादप्पा म्हणाला. “किती येळा सांगितलं त्याला. ऐकंल तर शपथ. म्हणायचा, मी भूकंपातनं निघालो, आता मला काय होतंय.”

“दिलेर गडी होता, मॅडम,” पाशामियाँ कपात बघत म्हणाले. “वाऱ्या-वावटळीत बी वर जायचा. आमी त्याला भूकंपातला गडीच म्हणायचो. उंचावरचं काम आलं की नाव त्याचंच निघायचं.”

“असं असेल तर हयगय त्यांची धरली जाईल,” मॅडम नीलाकडे वळल्या. “कंत्राटदारावर काही येत नाही, काम पुन्हा सुरू होतं. पट्टे दिलेच नव्हते असं निघालं, तर मात्र बिल्डिंगचं काम बंद आणि कंत्राटदारावर केस. म्हणून तुम्हाला विचारायला आले, ताई. सावकाश सांगा.”

नीलाने पदर खांद्यावर ओढून घेतला.

पट्टे होते. स्लॅबवर पाणी मारायला ती जात होती, तेव्हा तिने ते डोळ्यांनी पाहिले होते. हाफिसातलं कुणी तपासायला येणार असलं, की आप्पासाहेबांच्या जीपमधून सकाळीच एक पोतं उतरायचं. त्यातून पिवळ्या टोप्या निघायच्या, कोरे करकरीत पट्टे निघायचे. माणसं ते अंगावर चढवून लाजल्यासारखी उभी राहायची. तपासणी झाली की पोतं पुन्हा जीपमध्ये. आप्पासाहेबांची दुसरी बिल्डिंग नांदेडला चालू होती. पट्टे तिकडे जायचे, तिकडून इकडे यायचे. माहेरवाशिणीचा पाय ठरेल, पण त्यांचा ठरत नव्हता.

आणि मन्मथ? दिवसभर स्लॅबवर राबून आलेला हा माणूस स्लॅबखाली झोपू शकत नसे. लोकांना सांगायचा, भाडं परवडत न्हाई. पण मुद्दाम हुडकून पत्र्याची खोली घेतली होती. दाराला कडी लावू देत नव्हता. रस्त्याने भरलेला ट्रक गेला आणि भांडी वाजली, की नीलाचा दंड धरून अंगणात यायचा, मग उगीच म्हणायचा, आत लई उकडायलंय. वरचं काम असलं, की सकाळी पुन्हा पुन्हा परसाकडे जायचा. एकदा ती हसली होती. त्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही.

हे सांगायचं, तर ते दोन ठिकाणी अडत होतं. होस्टेल सुरू झालं की मेसमध्ये पोळ्या लाटायला या, खाली राहायला खोलीपण देतो, असं आप्पासाहेबांनी कबूल केलं होतं. त्याच बिल्डिंगमध्ये. काम बंद पडलं, तर मेस कुठली आणि पोळ्या कुठल्या?

दुसरी अडचण पडद्याच्या आत बसली होती.

भूकंपाच्या पहाटे पार्वतीबाईंचं दगडी घर बसलं. नवरा गेला, दोन्ही पोरी गेल्या. दगडमातीतून जित्ता निघाला तो एकटा मन्मथ, शाळेत नुकता जाऊ लागलेला. “बाहेर काढला तर हसत होता माझा लेक, भाकर मागितली,” हे पार्वतीबाईंनी लग्नात सांगितलं होतं, बाजारात सांगितलं होतं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बायांना सांगितलं होतं. उरलेलं आयुष्य त्यांनी या एका गोष्टीवर काढलं. मन्मथ ऐकायचा, नखाने भुई उकरत बसायचा. अन् सकाळी वर चढायचा.

“ताई, तुमचे मिस्टर पट्टा बांधायचे का?”

“मला साइटवरचं काय म्हाईत न्हाई,” नीला म्हणाली.

बाहेर आप्पासाहेब समाधानाने खाकरले. मॅडमनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं.

“आजींशी बोलता येईल?”

“त्यांना आता आणि काय त्रास?” गुरुपादप्पा म्हणाला. मग त्याला काही सुचलं असावं. “बरं, विचारा. काकू, ये गं भाईर. मॅडमला ते भूकंपाचं सांग. हसत होता, ते सांग. म्हंजे त्यांना बी कळंल गडी कसा होता.”

पार्वतीबाई पडदा सारून आल्या आणि खाली भुईवरच बसल्या. हात सवयीने गळ्यातल्या लिंगाकडे गेला. पाशामियाँनी कप खाली ठेवला. ठाऊक असलेली गोष्ट ऐकायला माणसं बसतात, तशी सगळी बसली.

“पहाटंची येळ व्हती,” पार्वतीबाईंनी सुरुवात केली. “गणपती बोळवून लोकं नुकते निजले व्हते. एकदम आवाज झाला. मी कशी भाईर आले, ठावं न्हाई. मग दगडं काढाय लागले. उजाडलं तवा एक हात दिसला. इवलासा.”

त्या थांबल्या. ही थांबायची जागा नव्हती. पुढचं वाक्य नीलाला तोंडपाठ होतं, ते ओठांवर येऊनही गेलं.

“हसत न्हवता,” पार्वतीबाई म्हणाल्या.

“काकू, अगं—”

“रडून रडून आवाज गेलता त्याचा. माझ्या लुगड्याला जे धरलं, ते सोडीना. वरीसभर घरात निजला न्हाई. लोकं यायचे, इचारायचे, पोरगं कसं हाय? काय सांगू? समदी गेली, अन् एक उरलं ते बी असं भेदरलेलं, सांगू? हसत व्हता म्हणलं म्या. एकदा म्हणलं, मग म्हणतच गेले. अन् तुमी त्याला भूकंपातला गडी करून वर चढवाय लागलाव.”

आप्पासाहेब उठून दारात आले. खोलीतला उजेड कमी झाला.

“मॅडम, आजींच्या मनावर आघात झालाय. हे काय लिहून घेऊ नका—”

मॅडमनी हात वर केला. गुरुपादप्पा उठू लागला होता, तो अर्धवट वाकलेलाच राहिला. पाशामियाँनी तोंडावर रुमाल धरला होता.

पार्वतीबाईंनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या नीलाकडे बघत होत्या, जणू हे तिलाच सांगायचं राहिलं होतं.

“भित्रा व्हता माझा लेक. लई भ्यायचा. कुणी पट्टा दिला असता, तर निजताना बी सोडला नसता त्यानं.”