मुंजाला विमा नसतो

"थांबाऽऽ! मरण येतंय!"

महाराजांचा उजवा हात वर गेला आणि कडेगाव रस्त्यानं येणारं सगळं जागच्या जागी थांबलं. उसाची ट्रॉली थांबली, माणसं कोंबलेली वडाप जीप थांबली, एका मोटारसायकलवर बसलेले तिघं पाय टेकून थांबले. आणि खरंच, लगेच बाजाररस्त्यानं दोन रिक्षा, एक टेम्पो आणि एसटी सुसाट सुटली आणि चौक पार करून गेली. कुणी मध्ये असतं तर त्याचं भरीतच झालं असतं. फुटपाथवरच्या गर्दीनं हात जोडले.

"बघितलं का शेट?" चहाच्या टपरीवरचा आकाराम मला म्हणाला. "बाजाराकडं पाठ, डोळं झाकल्यालं, तरी कळलं! म्हाराजांच्या पाठीला डोळं हायत."

"मग कफनी घातल्यावर अंधार होत नाही का रे त्या डोळ्यांना?"

"शेट, तुमी आपली भांडी विका."

भांडीच विकतो मी. जिनेंद्र मगदूम, मगदूम भांडी भांडार, चौकाच्या कोपऱ्यावर. साताऱ्याची हद्द संपून सांगलीची लागते तिथं आमचं गाव आहे. नाव सांगत नाही, उगाच अभिनंदनाचा फ्लेक्स लागायचा. गावाला शहर म्हणायचं, कारण गावात सिग्नल आहे.

सिग्नल आहे, पण तेव्हा कडेगावकडून येणाऱ्याला तो दिसायचा नाही. त्या बाजूच्या खांबावर नानासो होते. नानासो म्हणजे आमचे भावी आमदार. मी काळ्या केसांचा होतो तेव्हापासून ते भावीच आहेत. त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आधी लागला. मग दिवाळीचा, मग दहावीच्या गुणवंतांच्या अभिनंदनाचा, त्यात गुणवंत बोटाएवढे आणि नानासो पुरुषभर. जुना काढायचा कुणी? साहेबांचं तोंड खाली उतरवलं म्हणजे त्यांच्या मुळावर उठल्यासारखंच की! म्हणून नवा लागायचा तो जुन्यावरच. तो थर गादीएवढा जाड झाला होता आणि त्या गादीखाली आमचा लाल दिवा निवांत झोपला होता. गावाला त्याचं काही वाटायचं नाही. गावातले अंदाजानं गाडी हाणायचे, बाहेरचे देवाच्या भरवशावर.

या अंदाजापायीच राहीबाईचा पाय मोडला.

राहीबाई दारोदार दूध घालते. तोंडानं फटकळ, मापानं चोख. त्या दिवशी वाहनं थांबायची वेळ बघून ती कडेगाव रस्ता ओलांडत होती आणि वीरधवल नावाचा पोरगा नवी मोटारसायकल घेऊन भरधाव आला. त्यानं पोलिसांना जबाब दिला तो असा, "मला लाल दिसलाच न्हाई साहेब. फकस्त नानासो दिसलं."

माझी मुलगी ब्राह्मी सांगलीच्या कोर्टात वकिली करते. राहीबाईच्या दुधावर वाढलेली पोर. तिनं नुकसानभरपाईची केस घेतली आणि नोटिसा धाडल्या: वीरधवलला, त्याच्या गाडीच्या विमा कंपनीला, फ्लेक्स लावणाऱ्या नानासो युवा मंचाला आणि तो डोळ्यांसमोर लागू देणाऱ्या नगरपंचायतीला.

नोटिसा पोचल्या आणि त्याच आठवड्यात चौकात महाराज आले. नाव, चौकेश्वर महाराज. मंडप नानासोंचा, गादी नानासोंची, माईकही नानासोंचा.

"ह्या चौकाखाली मुंजा हाय!" पहिल्याच दिवशी महाराजांनी जाहीर केलं. "त्याचा पिंपळ तोडून तुमी सिग्नल रवला. तो आडवा येतो, पाय मागतो! ओम् ब्रेकाय नमः! ओम् क्लचाय नमः! अपघात हटाय, पंक्चर पळाय, स्वाहा!"

लोकांनी स्वाहा म्हटलं. आकारामनं तर दोनदा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी महाराज माझ्या दुकानात आले. वर बघत राहिले. दाराच्या वरच्या बाजूला मी एक स्टीलची परात टांगली होती. लग्नाच्या जेवणावळीची, कणीक मळायची, पोरगं आंघोळीला बसवावं एवढी मोठी. ती जरा रस्त्याकडं कललेली असायची, येणाऱ्याच्या नजरेत भरावी म्हणून.

"शेटजी, ह्या परातीत अन्नपूर्णा हाय. हिला हलवू नका, विकू नका. रोज राखेनं घासून लख्ख ठेवा."

"अन्नपूर्णा आहे तर तिचं काय लावायचं, किलोवर की नगावर?" मी म्हणालो.

पण माझी बायको चंदनबाला मागंच उभी होती. तिनं दुसऱ्या दिवसापासून स्टूलवर चढून परात घासायला सुरुवात केली. परात अशी चमकायला लागली की मला तिच्यात माझी दाढी वाढलेली दिसायची. महाराजांची गादी बरोबर समोर होती. बाजाराकडं पाठ, माझ्या दुकानाकडं तोंड, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटायचं, बाबा माझ्या गल्ल्यावर नजर ठेवून बसलाय.

एके दुपारी राहीबाई काठी टेकत दुकानात आली. ब्राह्मी सुट्टीला आलेली होती.

"पोरी, ती केस मागं घिऊया का?" राहीबाई म्हणाली. एरवी अख्ख्या गल्लीला दाबात ठेवणारा तिचा आवाज बसला होता. "नानासोंच्या वाढदिसाला मुंजाची शांती हाय. मी माईकवर म्हणायचं, माझा पाय मुंजानं मोडला, माझी कुणावर तक्रार न्हाई. मग म्हाराज अंगारा लावणार. काठी टाकून चालशील म्हणत्यात."

"मावशी, डॉक्टर काय म्हणाले?"

"हाड वाकडं जुळलंय. परत आपरेशन."

"त्याचा खर्च मुंजा देणार आहे का?" ब्राह्मी तापली. "मुंजाला नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवू मी? त्याच्याकडं लायसन नाही, गाडीचा विमा नाही. म्हणून तर सगळ्यांना मुंजा हवाय! त्याच्यावर ढकललं की पोरगा सुटला, मंच सुटला, नगरपंचायत सुटली. अडकणार तुम्ही एकट्या. तुमचं बोलणं ते मोबाइलवर घेतील आणि पहिल्याच तारखेला कोर्टात दाखवतील. मग मी तिथं काय बोलू?"

राहीबाईनं पदरानं डोळे पुसले. "तुजं खरं हाय गं. पर म्हशीची धार काढायला मला खाली बसता येत न्हाई. बसलं तर उठता येत न्हाई. रातभर ठणका. कोर्ट कवा, मी कवा... म्हाराजांचा हात तर रोज खरा ठरतोय. मग पाय खोटा कसा म्हनू?"

तो हात खरंच रोज खरा ठरत होता. मला महाराजांचा राग यायचा, पण हाताचं कोडं सुटायचं नाही, त्यामुळे राग आणखीच यायचा.

वाढदिवस उजाडला. चौकात स्पीकर लागले. खांबावर नवा फ्लेक्स चढला. गॉगल घातलेले नानासो, खाली वाघ. कार्यक्रम असा ठरला होता की नानासो हातात केक घेऊन कडेगाव रस्ता ओलांडणार, महाराज आपल्या हातानं वाहनं थोपवणार, मग शांती आणि मग राहीबाईचं माईकवरचं बोलणं. राहीबाई मंडपात खुर्चीवर बसली होती. तोंड उतरलेलं, हात काठीवर घट्ट. तिच्यामागं ब्राह्मी आणि कोपऱ्यात मान खाली घातलेला वीरधवल.

मी दुकानातून बघत होतो. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, जतकडचे रामगोंडा पाटील, घरात मुलीचं लग्न.

"ओ सावकार, ती परात काढा की ओ."

"आवं, ती नगं!" चंदनबाला ओरडली. "म्हाराजांनी सांगितलंय!"

"महाराज आजवर वाटीभर तरी घेऊन गेलेत का दुकानातनं?" मी म्हणालो. "हे गिऱ्हाईक आहे." आणि मी स्टूलवर चढून परात उतरवली.

रामगोंडांनी पैसे मोजले, परात डोक्यावर पालथी घातली आणि निघाले.

इकडं महाराजांचे अर्धे मिटलेले डोळे टक्क उघडले. हात अर्धा वर गेला, तसाच खाली आला. "या... थांबा... न्हाई, या या... अं... स्वाहा!" कडेगाव रस्त्यावर बिराप्पाचा उसाचा ट्रॅक्टर उभा होता. हात खाली आलेला बघून त्यानं गिअर टाकला. पलीकडून नानासो केक घेऊन निघालेलेच होते. "नानासोऽऽ!" गर्दी किंचाळली. बिराप्पानं करकचून ब्रेक दाबला, नानासोंनी धोतर आवरत अशी उडी मारली की त्या वयाच्या माणसाला शोभू नये, आणि केक उडाला तो थेट फ्लेक्सवर, वाघाच्या तोंडात. नानासोंना खरचटलंसुद्धा नाही. फेटा तेवढा गटारात गेला.

"आंधळा हायस काय रं?" नानासो ओरडले. "बाजाराला हिरवा पडलाय! म्हंजी तुला लाल! लाल दिसत न्हाई तुला?"

"कुठं लाल?" बिराप्पाही पेटला होता. "मला तर तुमचा गागलच दिसतोय!"

चौकात कुणीतरी फिस्सकन हसलं. पण त्याहून मोठा आवाज स्पीकरवर आला. महाराजांच्या हातातला माईक चालूच होता.

"शेट! परात! आवं परात कुणी हलवली?"

सगळा चौक माझ्याकडं बघायला लागला. मग सगळ्यांनी रामगोंडांच्या डोक्याकडं बघितलं.

"मी पैसं दिलोय की ओ," रामगोंडा घाबरून म्हणाले.

ब्राह्मी उठली. "महाराज, मुंजा पिंपळावर होता ना? परातीत कधी राहायला आला?" आणि मला म्हणाली, "अण्णा, परात जरा परत टांगा. पाटीलमामा, दोनच मिनिटं हं."

मी परात टांगली. ब्राह्मीनं महाराजांना हात धरून उठवलं आणि राहीबाईला त्यांच्या गादीवर बसवलं. बाजाराकडं पाठ, दुकानाकडं तोंड.

"मावशी, परातीत बघा. काय दिसतंय?"

राहीबाईनं डोळे बारीक केले. मग तिचा जुना, गल्लीभर ऐकू जाणारा आवाज परत आला.

"आगं बया! बाजाराचा सिग्नल दिसतोय की! तांबडा ठिपका हाय... आता हिरवा झाला! थांबाऽऽ!"

हात वर. कडेगाव रस्ता थांबला, बाजारातून रिक्षा सुटल्या. ठिपका तांबडा झाला, हात खाली. परत हिरवा, परत वर. एकदाही चुकलं नाही. मरणबिरण काही नव्हतं. बाजाराला हिरवा दिवा पडला की तिकडची वाहनं सुटत होती, आणि ते या माणसाला माझ्या परातीतून दिसत होतं, माझ्याच बायकोच्या हातच्या राखेच्या जोरावर.

"म्हणजे रोज स्टूलवर चढून मी ह्याचा आरसा पुसत हुते?" चंदनबाला म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली.

महाराज मात्र सापडले नाहीत. आकारामनं त्यांना जाताना बघितलं. रस्ता ओलांडायच्या आधी त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, परत डावीकडं बघितलं आणि मग पळाले. मंत्र म्हटला नाही.

राहीबाईनं गादीवरचा माईक उचलला. मंचाची पोरं मोबाइल वर धरून उभीच होती.

"घ्या, काढा इडिओ," ती म्हणाली. "माझा पाय मुंजानं मोडला न्हाई. ह्या वीरधवलच्या गाडीनं मोडला. चौकात यिऊन बी त्यानं येग कमी केला न्हाई, ही त्याची चूक. त्याला दिवा दिसला न्हाई, कारण दिव्यावर नानासो बसल्यात, ही ह्यांची चूक. आन् ते दिसत असून नगरपंचायतीनं काढलं न्हाई, ही तिची चूक. माझी तक्रार हाय. कोर्टात हाय, हितं बी हाय!"

मग वीरधवल पुढं आला. "मावशी, मी कोर्टात खरं सांगंन," एवढंच बोलला आणि खांबावर चढला. वाघ उतरला, दिवाळी उतरली, गुणवंत उतरले, नानासोंचे ओळीनं सगळे वाढदिवस उतरले. शेवटी दिवा दिसला. लाल होता. बिराप्पाचा ट्रॅक्टर त्याच्यासमोर आपसूक थांबला, कुणी हात न दाखवता.

आता आकाराम मला खाजगीत विचारतो, "शेट, पर त्या परातीत थोडं तरी काय तरी असंल की?"

"असेल की. रामगोंडांच्या घरी गेल्यापासून कणीक आहे."

हसा, पण एक ऐका. माणूस चौकात पडला की देव कोपला का, मुंजा आडवा आला का, हे विचारू नका. गाडी कुणाची होती, वेग किती होता, दिवा दिसत होता का आणि तो कुणी झाकला, हे विचारा. भूत पुढं करणारा माणूस बहुतेक वेळा कुणाला तरी मागं लपवत असतो. अंगाऱ्यानं हाड जुळत नाही, आणि चूक कुणाचीच नाही म्हटलं की ती पुन्हा पुन्हा होते, एवढं डोक्यात असू द्या.

केस चालू आहे. नानासोंनी स्वतःच्या तोंडानं "लाल दिसत न्हाई तुला?" असं विचारलेलं त्यांच्याच पोरांच्या मोबाइलमध्ये आहे, आणि ब्राह्मी ते ऐकून अजून हसते. राहीबाईचं ऑपरेशन व्हायचंय. तोवर ती काठी घेऊनच दूध घालते, निम्म्या घरांना.

काल तिच्यासाठी लाल दिवा पडला, कडेगाव रस्ता थांबला आणि ती सावकाश निघाली. मध्यावर पोचली तेवढ्यात एका जीपवाल्यानं घाईनं हॉर्न दाबला. राहीबाई जागीच थांबली आणि काठी वर केली.

"थांब की रं! मरण न्हाई येत, मी येतीया!"