पोटात राहिलेलं पाणी

मी एक जुनी पत्र्याची खोली आहे, दोन चाकांवर उभी असलेली. अंधेरीच्या पूर्वेला मरोळच्या गावठणात, एका शेवग्याच्या झाडाखाली माझा मुक्काम असतो. मित्रांनो, मला बघून तुम्ही म्हणाल, ही कसली खोली, हा तर दार लावलेला हातगाडा! म्हणा खुशाल. त्याची मला लाज वाटत नाही. ज्याची वाटते, ते सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

मला कॉस्मसने बनवलं. तो एका गॅरेजात डेंटर होता, म्हणजे ठोकर लागलेल्या गाड्यांचे पोचे ठोकून सरळ करणारा. त्या वर्षांत गोरेगावच्या स्टुडिओंत आणि मढच्या किनाऱ्यावर शूटिंगं जोरात चालायची, पण नट्यांना कपडे बदलायला धड आडोसा नसायचा. बायका चारी बाजूंनी साड्या धरून उभ्या राहायच्या आणि वारा आला की सगळ्यांचीच पळापळ. कॉस्मसने ते पाहिलं. मोडीत निघालेल्या गाडीचा आस, नवा पत्रा आणि जुन्या दरवाजाचं सागवान यांतून त्याने मला उभं केलं. आत एक बाक, एक आरसा आणि एक बेसिन. बाकाखाली पाण्याची टाकी. बेसिनजवळच्या पंपाचा दांडा खालीवर केला की नळाला पाणी यायचं. जीपच्या मागे जोडलं की मी निघाले डुलत. मला वाटायचं, नटी मीच आणि आत बसलेली बाई माझी मदतनीस!

टाकीच्या बुडाला, चाकाच्या शेजारी, कॉस्मसने पाणी सोडायचा एक पितळी कॉक बसवला होता.

"एथेल, बघून ठेव," आपल्या बायकोला खाली वाकायला लावून तो म्हणाला. "काम संपलं की हा उघडायचा. वरचा नळ पण उघडा ठेवायचा, नायतर आत हवा जात नाय आणि पाणी अडून बसतं. जीपला जोडायचा पुढचा दांडा उचलून धरायचा, म्हणजे सगळं मागे येतं. मग पंप मारून पाइप रिकामा करायचा. थेंब ठेवायचा नाय."

"कळलं रे. मला काय कुकुलं बाळ समजतोस?"

"बाळ परवडलं. ते निदान ऐकून घेतं."

आणि दोघं हसली. थोड्याच दिवसांत कॉस्मसला बहारीनच्या एका वर्कशॉपात नोकरी लागली. तो निघण्याआधी घरी फादर आले. त्यांनी प्रार्थना म्हटली, माझ्या पत्र्यावर पवित्र पाणी शिंपडलं. एथेलने हळूच विचारलं, "फादर, आतल्या पाण्याला पण आशीर्वाद द्याल?" फादरनी टाकीच्या झाकणावर हात धरला आणि तिथेही क्रुसाची खूण केली. दुसऱ्या दिवशी कॉस्मस गेला.

मग एथेलच मला शूटिंगला भाड्याने नेऊ लागली. पहिलं शूटिंग संपलं. एथेल माझ्याखाली वाकली, कॉकला हात लावला आणि तशीच थांबली. समोर गटार होतं. आशीर्वादाचं पाणी गटारात सोडायचं? तेही माणूस समुद्रापलीकडे असताना? ती उठली. चर्चच्या दारातल्या दगडी वाडग्यात पवित्र पाणी कमी झालं की त्यात थोडं साधं पाणी घालतात आणि सगळंच पवित्र राहतं, हे ती लहानपणापासून बघत आली होती. मग माझ्या टाकीत तरी वेगळं काय होणार? वरून दोन कळश्या ओतल्या की झालं.

मित्रांनो, तिचं चुकलं, पण तिला नावं ठेवायची मला घाई नाही. माझ्या पोटातल्या पाण्यात तिने नवरा सुखरूप ठेवला होता.

पाण्याला मात्र हे कुठलं ठाऊक! अंधारात ते बसून राहिलं. पत्र्याला गंज चढला, बुडाला बुळबुळीत थर धरला. मग झाकणाच्या फटीतून डास आत शिरले आणि त्यांची पिल्लावळ वळवळू लागली. आरसा चकचकीत, बाकावर धुतलेली चादर, आणि खाली पोटात हे असं. कोणी "काय झकास खोली आहे!" म्हटलं की मला आत कसंतरी व्हायचं. नळाला वास येऊ लागला, तेव्हा एथेलने टाकीत वाळ्याची जुडी सोडली. म्हणजे तिला कळत होतं. पण कळलं तरी हात कॉकपर्यंत जाईना.

स्टुडिओत तिची एक मैत्रीण होती. शेवंती, मालवणकडची, नट्यांची केशभूषा आणि रंगभूषा करणारी. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून घर तिच्या कंगव्यावर चालायचं. दुपारी दोघी माझ्या पायरीवर बसून डबा खायच्या. शेवंती सुक्या बांगड्याचं तिखलं द्यायची आणि एथेलच्या आंबट कालवणाला नाकं मुरडत तेच जास्त खायची.

एके दिवशी रत्नप्रभा नावाच्या नटीने माझ्या नळावर तोंड धुतलं. मग शेवंतीने तिच्या डोळ्यांत काजळ घातलं. दुसऱ्या दिवशी बाईचे डोळे लाल होऊन सुजले आणि शूटिंग बंद पडलं. नंदकिशोर म्हणजे सगळी व्यवस्था बघणारा माणूस. तो सगळ्यांसमोर शेवंतीवर ओरडला.

"कसलं घाणेरडं काजळ वापरतेस? बाईचे डोळे गेले असते तर? उचल तुझी पेटी, उद्यापासून यायचं नाही!"

"साहेब, घरचा काजळ आसा. माझ्या पोरीच्या डोळ्यांत पण ताच घालतंय..."

"चल, निघ!"

एथेल माझ्या दारात उभी होती. तिच्या हातात चहाची किटली होती. शेवंतीने पेटी उचलली आणि जाताना तिच्याकडे एकदा बघितलं. एथेल किटलीत बघत राहिली, जणू तिच्यात काही पडलंय. आणि मी? मला तर तोंडच नाही. नळ आहे, तो तसाच गप्प टपकत राहिला.

रविवारी चर्चमधली मिसा, म्हणजे प्रार्थना, आटोपून एथेल घरी आली, तर शेवंती शेवग्याखाली माझ्या पायरीवर बसलेली. गोरेगावाहून उन्हातून आली होती. चेहरा उतरलेला.

"गो एथेल, तू तरी सांग त्यांका. माझ्या काजळान कोणाचे डोळे आजपर्यंत बिघडले नाय. आता दुसऱ्या युनिटात गेलंय, तर थयसुद्धा ह्याच आयकला. डोळे फोडणारी म्हणतत माका. तू रोज बघतंस मगो, तुझ्या शब्दाक वजन आसा."

"सांगीन गं," एथेल पुटपुटली. "बघू... सांगीन."

"बरा. घसो सुकलो माझो." शेवंती उठून आत आली, पंप मारला आणि ओंजळ नळाखाली धरली.

"नको पिऊ!" एथेल किंचाळली.

शेवंतीची ओंजळ तशीच राहिली. तिने पाण्याकडे बघितलं. ओंजळ नाकाशी नेली. मग सावकाश बोटं सैल सोडली.

"मगे बाईच्या डोळ्यांका चालता?" तिने विचारलं.

शेवंतीने ओला हात पदराला पुसला, तो पदरही हातात धरून बघितला आणि चालू लागली. भांडली असती तर बरं झालं असतं.

एथेल तशीच चर्चकडे परत गेली. येऊन तिने धाकटा दीर युस्टेस याला सगळं सांगितलं. फादरनी काय म्हटलं, तेही.

"म्हणाले, बाई, खराब झालं की ते मातीला देतात. झाडाच्या मुळाशी ओतायचं, एवढंच. वापरायला दिलं होतं, कोंडायला नाय. विचारलं का नायस, म्हणाले."

"मग? का नाय विचारलंस?"

"मला वाटलं, मला माहीत आहे."

युस्टेसने डोकं खाजवलं. तो जीप चालवायचा, फार बोलायचा नाही. "ठीक आहे वैनी, हे शेवग्याचं झाड आहे की. घे, मी दांडा उचलतो. रिकामी करू, धुऊ. कोण बघतंय?"

"म्हणूनच इथे नाय," एथेल म्हणाली. "तिचं नाव जिथे खराब झालं तिथेच उघडायचं."

"वाट लागेल. परत कोण बोलावणार नाय आपल्याला."

"नको बोलावू दे."

मित्रांनो, त्या दिवशी जीपमागे जाताना मी डुलले नाही. आतलं पाणी प्रत्येक खड्ड्याला डुचमळत होतं आणि मला वाटत होतं, सगळ्या रस्त्याला ऐकू जातंय.

स्टुडिओच्या आवारात एका आंब्याखाली मला उभं केलं. एथेलने नंदकिशोरला बोलावून आणलं. काळा चष्मा लावून रत्नप्रभाबाईही बाहेर आल्या. दिवे लावणारे, चहावाला, सगळे जमले. युस्टेसने माझा दांडा उचलून धरला. एथेलने नळ उघडला आणि पदर खोचून माझ्याखाली आडवी झाली. कॉक कधी फिरवलाच नव्हता. तो हलेना. तिने फडकं गुंडाळून जोर लावला, तसा तो एकदम सुटला.

काळपट तांबडं पाणी तिच्या हातावर, गळ्यावर, मिसाला घालायच्या चांगल्या लुगड्यावर आलं. त्यात गंज होता, लिबलिबीत चिंध्या होत्या, वळवळणारे किडे होते, कुजलेला वाळा होता. वास तर असा, की चहावाला चार पावलं मागे सरला. मी तेव्हा पत्र्याची नसते तर मेल्याहून मेले असते. पोटातलं सगळं, सगळ्यांसमोर, गडगडत बाहेर येत होतं, आणि थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

"वैनी, हे काय आहे?" नंदकिशोरने नाकाला रुमाल लावला.

एथेल तशीच निथळत उभी राहिली. "हे माझं आहे. बाईंनी याने तोंड धुतलं. शेवंतीचं काजळ चांगलं होतं. मला त्या दिवशीच माहीत होतं आणि मी गप्प बसले."

रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "नंदकिशोर, त्या बाईला ओरडून हाकललंत ना? आता बोलावणं पण तसंच जाऊ दे. सगळ्यांना ऐकू येईल असं."

शेवंती दुसऱ्या दिवशी कामावर परत आली, हे आम्हाला युस्टेसकडून कळलं. आम्हाला मात्र पुन्हा बोलावणं आलं नाही. एथेलने मला आतून घासलं, सोडा टाकून धुतलं, सगळ्या तोट्या उघड्या ठेवून उन्हात वाळवलं. कॉस्मस नाताळला आला. माझ्या पोटात ते पाणी नसतानाही तो ठणठणीत होता. एथेलने त्याला झालेलं सगळं सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. नुसता माझ्या पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि मला ते जास्त लागलं.

पावसाळा तोंडावर आला असताना एका सकाळी शेवंती आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मढाक एका युनिटाक खोली हवी आसा. मी ह्या खोलीचा नाव सांगितलंय," ती म्हणाली. "पण पाणी मी बघतलंय. तुझ्यार माझो विश्वास नाय."

"नको ठेवू," एथेल म्हणाली.

ती जीपमध्ये बसली आणि युस्टेसच्या बाजूला सरकून तिने जागा केली. शेवंती थोडा वेळ खालीच उभी राहिली. मग पेटी मांडीवर घेऊन चढली. मढपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही, पण बसल्या दोघी एकाच सीटवर.

आज मी म्हातारी झाले आहे. शूटिंगला आता कोणी नेत नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या मुक्या वस्तू तुमच्याही घरात असतील. माठ, टाकी, कूलर, पाण्याची पिशवी. त्यांना वरून चमकवू नका, आधी खालून मोकळ्या करा. आणि मायेने साठवलेलं काही आत नासलं आहे असं कळलं, तर दुसऱ्या कोणाचे डोळे सुजायची वाट बघू नका. चारचौघांत उघडायला लाज वाटेल, फार वाटेल. मी ती सोसली आहे. पण झाकून ठेवलं होतं तेव्हाची लाज याहून वाईट होती, कारण तेव्हा ती शेवंतीला भोगावी लागली.