दोन बोटं वर सरकलेला दोरा

मित्रांनो, मी एक जुना लाल दोरा आहे. वृद्धांच्या वॉर्डात, औषधांच्या कपाटाशेजारच्या फळ्यावर मी दोन टाचण्यांमध्ये आडवा ताणलेला असतो.

मोठ्या सिस्टरांनी नातवाचा स्वेटर विणला, त्यातून उरलेली लोकर म्हणजे मी. मी त्यांच्या पिशवीतच पडून राहिलो असतो, पण रुग्णालयात आकडेमोड करणारी एक ताई आली. सगळे तिला आकडेताई म्हणत. आठवड्यात जितके रुग्ण तोल जाऊन पडत, तितक्या उंचीवर ती फळ्यावर एक ठिपका चिकटवायची. मागच्या वर्षाच्या आकड्यांवरून हिशेब करून तिने माझी जागा ठरवली.

"ठिपके दोऱ्याच्या खाली थोडे वर-खाली होणारच," ती म्हणाली. "पण एखादा दोऱ्याच्या वर उडाला, तर वॉर्डात काहीतरी नवं घडलंय असं समजायचं."

मला केवढा अभिमान वाटला! स्वेटरात कोण पाहणार होतं मला?

मग एके दिवशी एक ठिपका खरंच माझ्या वर गेला. धाकटी सिस्टर नुकतीच नोकरीला लागली होती आणि बरेचसे रुग्ण तिच्याच पाळीत पडले होते. तिचा चेहरा उतरला.

"मला काढून टाकतील का हो?"

"गप गं! कोण काढतंय तुला!" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांनी माझ्या टाचण्या उपसल्या आणि मला दोन बोटं वर नेऊन टोचलं. ठिपका माझ्या खाली आला. पण मला हलवून वॉर्डात पडणारे रुग्ण काही कमी होणार नव्हते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण दोऱ्याला कुठला आवाज!

पुढच्याच आठवड्यात खिडकीजवळच्या आजी पलंगावरून उतरताना पडल्या. त्यांचं मनगट मोडलं.

आकडेताईला फळ्यावर टाचण्यांची जुनी भोकं दिसली. "दोरा कोणी हलवला?"

"मी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर या पोरीच्या डोक्यावर खापर फुटलं असतं."

"अहो, दोरा माणसाला पकडायला नाहीये. काय बदललं ते शोधायला आहे."

"वाईट काय बदलणार? उलट नव्या जाड गाद्या आल्यात. बसून तर बघा!" असं म्हणत त्या स्वतःच पलंगावर बसल्या, आणि त्यांची नजर खाली गेली. मूर्ती ठेंगणी, पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते.

"मी तर पहिल्या दिवशीच म्हटलं, हा पलंग आहे की माळा!" प्लास्टरमधला हात सावरत आजी म्हणाल्या. सगळे हसले. मोठ्या सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आजींचा दुसरा हात हातात घेतला.

त्याच दुपारी धाकटीने प्रत्येक रुग्णाला काठावर बसवलं आणि टाचा जमिनीला टेकेपर्यंत पलंग खाली आणणारा दांडा फिरवला. तिला कोणी काढलं नाही. मला जुन्या भोकांत परत टोचलं गेलं.

हळूहळू ठिपके खाली उतरले आणि तिथेच रमले. वर्षभराने आकडेताईने नवा हिशेब केला आणि मोठ्या सिस्टरांनी मला स्वतःच्या हाताने खालच्या जागी ताणलं. पलंगावरून उतरणाऱ्या कितीतरी पावलांनी मला ती जागा मिळवून दिली होती.

मित्रांनो, आता माझा रंग विटलाय, मधे थोडा सैलही पडलोय. उद्या माझ्या जागी नवा दोरा येईल. पडणारे कमी झाले, तर त्याला खुशाल खाली आणा. पण एखादा ठिपका त्याच्या वर गेला, तर त्याच्या टाचण्यांना हात लावू नका. आधी पलंगावर बसून बघा, पाय टेकतात का.