निळ्या दोऱ्याचे टाके

"शहदची आई, तुम्ही फाटकाबाहेर बसत जा," मुलींना खेळ शिकवणाऱ्या कॅप्टन सहरनं सरावाच्या पहिल्याच गुरुवारी बजावलं होतं. "तुमची नजर पोरीच्या पाठीत रुतते."

इनासनं ते हसण्यावारी नेलं आणि हॉलमधल्या बाकावर बस्तान मांडलं. मांडीवर टॉवेल, पाण्याची बाटली, भाजलेल्या हरभऱ्यांची पुडी.

मुली आपापले कृत्रिम पाय सोडवून, बुटांसकट, भिंतीशी ओळीनं उभे करत आणि बसल्या बसल्या सरकत जाळीपाशी जात. बैठ्या व्हॉलीबॉलचा नियमच तसा, चेंडू मारताना बूड जमिनीवरून उठलं की गुण गेला. तेरा वर्षांच्या शहदचा पाय हाडाच्या आजारानं गेला, त्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून ती हसली नव्हती. इनासची सारी भिस्त आता या हॉलवर होती. पोरीला फरशी टोचू नये म्हणून तिनं खेळायच्या पँटला आतून जाड स्पंज शिवला होता.

त्या स्पंजावर शहदला सरकताच येत नसे. चेंडू शेजारून निघून जात.

"ए गादीवाली, सरक की!" संघातली नेहाल ओरडायची. "का आमंत्रण पाठवू?"

"शहद, कोपर सांभाळ!" बाकावरून इनास.

शहदची मान आणखी खाली जायची. एका बुधवारी तिनं पाय काढून पलंगाखाली ढकलला.

"आई, उद्या शेवटचं. मग मी नाही जाणार."

दुसऱ्या दिवशी शहद शाळेतून परस्पर कॅप्टनबरोबर गेली. इनासची मिनीबस रेल्वे फाटकाशी पाऊण तास अडकली. धापा टाकत ती हॉलच्या दाराशी पोचली तर आत कुणीतरी खो खो हसत होतं. कुणाची पोर एवढी हसतेय, म्हणून तिनं फटीतून पाहिलं.

"नेहाल, म्हातारे, उठतेस का झोपतेस तिथंच?" शहद ओरडत होती आणि ओल्या फरशीवर साबणाची वडी सुटावी तशी चेंडूमागे सुटत होती. भिंतीशी उभ्या पायांच्या ओळीत एका पायावर टोपीसारखा तो स्पंज चढवलेला होता.

दारावरचा हात इनासनं काढून घेतला. फाटकाबाहेर येऊन ती कठड्यावर बसली आणि एकेक करत सगळे हरभरे तिनंच संपवले.

तासाभरानं शहद बाहेर आली. चेहरा नेहमीसारखाच, मिटलेला.

"कसं झालं आज?"

"ठीक."

संध्याकाळी कपडे धुताना इनासनं पँट उलटी केली. स्पंज जागच्या जागी होता. पण तिचे पांढरे बारीक टाके गेले होते. त्यांच्या जागी निळा दोरा, वेडेवाकडे लांब टाके, शेवटी मिऱ्याएवढी गाठ. शहदनं आजवर कधी सुई हातात धरली नव्हती. इनास बराच वेळ त्या गाठीवरून अंगठा फिरवत राहिली.

"शहद, हा स्पंज वाळायला फार वेळ घेतो गं. काढून टाकू?"

"तुला चालेल?"

"मला काय धाड भरलीय!"

शहद दारात घुटमळली. "आणि गुरुवारी? तू येशील?"

"फाटकापर्यंत."

आता त्या मायलेकी कैरोत राहतात. शहदचं कॉलेज, सामने, मैत्रिणी. गुरुवारी घर रिकामंच असतं. इनास त्या स्पंजात सुया टोचून ठेवते. निळा दोरा अजून तसाच आहे. मागच्या आठवड्यात तांताहून, त्या हॉलच्या जुन्या गावाहून, कॅप्टन सहरचा फोन आला होता. "तुमच्या बाकावर एक नवी आई येऊन बसतेय. सांगितलं तर ऐकत नाही. अगदी तुमच्यासारखी."

तेव्हापासून तांताला निघालेलं कुणी भेटलं की इनास त्याला थांबवते. तुम्हालाही तिचं तेवढंच मागणं आहे. गुरुवारी तिकडे गेलात तर हॉलमध्ये डोकावा. बाकावर मांडीवर टॉवेल घेतलेली एक बाई असेल. तिला काही शिकवू नका. बाहेर चहा चांगला मिळतो, एवढंच सांगून तिला घेऊन जा. आणि तिला बाहेर बसवलंत की तिची पोर कशी खेळते, ते दाराच्या फटीतून बघून इनासला कळवा.