बेडकीचा खोकला

बाबांची होती तशीच जुनी गाडी मी घेतली, तेव्हा भावाने फोनवर विचारलं की चांगली नवी घ्यायला काय धाड भरली होती. मी म्हटलं, नव्या गाडीत आई बसत नाही. तो म्हणाला, आई कुठल्याच गाडीत बसत नाही. तेही खरंच होतं. बाबा गेल्यापासून आई दवाखान्याच्या पलीकडे गेली नव्हती, आणि तिथेही जायची ती टॅक्सीत मागे बसून, अंग चोरून, परक्याच्या घरी आल्यासारखी. पुढची सीट तिची होती. बाबांची गाडी भंगारात गेली तेव्हा आपली जागाही गेली, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

मला फार काही नको होतं. तिने पुन्हा पुढे बसावं आणि आम्ही दोघींनी गावाबाहेरच्या तलावापर्यंत जाऊन यावं. बाबा सुट्टीच्या दिवशी आम्हाला तिथे न्यायचे, सगळ्यांना पाण्याकडे पिटाळायचे आणि स्वतः मात्र तलावाकडे पाठ करून गाडी पुसत बसायचे.

गाडी हिरवी निघाली. बाबांची सायीच्या रंगाची होती. ही शेवाळी, पुढचे दोन दिवे डोळे वटारल्यासारखे. गल्लीने पहिल्याच दिवशी तिचं नाव बेडकी ठेवलं. आईने तिला एक फेरी मारली, पुढची सीट हाताने दाबून पाहिली आणि म्हणाली, "रंग सोडला तर आपलीच आहे." मग बसली. पर्स अडकवली, चष्मा पुसला, काच खाली केली. आईच्या पर्समध्ये अर्धं घर असतं: किल्ल्या, गोळ्या, बॅटरी, सुईदोरा, चिल्लर आणि कुणाला तरी लागेल म्हणून घेतलेली एक छोटी कात्री. मी गाडी सुरू केली. आम्ही गल्लीतून बाहेर पडलो. मग हळूच म्हणाली, "आवाजही तोच आहे गं."

बाजाराच्या वळणावर बेडकी खोकली. आधी एकदा, मग दम्याच्या माणसासारखी लागोपाठ. मागून काळा धूर आला, सगळी गाडी थरथरली आणि बंद पडली. मागच्यांनी भोंगे वाजवले, दोघांनी ढकलून कडेला लावून दिली. आई पर्स घेऊन उतरली आणि आम्ही चालत घरी आलो.

गाड्यांचं मला जे कळतं ते मी एका फाटक्या सर्व्हिस बुकातून आणि लोकांच्या उघड्या बॉनेटमध्ये डोकावून शिकले. तेवढ्यावर मी प्लग काढून पाहिले. टोकांवर काजळी बसली होती, दिव्याच्या काचेवर बसते तशी मऊ. ओळखीच्या मिस्त्रींना दाखवले. ते म्हणाले, गाडी पेट्रोल जास्त पितेय, हवा कमी घेतेय, म्हणजे दुखणं कार्बोरेटरचं. त्यांनी तो उघडला, जाळीतला गाळ काढला, आतली झिजलेली सुई बदलली. मग आम्ही दोघं तलावापर्यंत जाऊन आलो. बेडकी लोण्यासारखी चालली.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन निघाले. तेच वळण, तोच खोकला.

मिस्त्रींनी ठिणगीचं बघितलं, पंप उघडून त्यातला पडदा बदलला, पेट्रोलची नळी टाकीपर्यंत तपासली. सगळं करून पुन्हा तलावाला फेरी. काही नाही. पुन्हा आई, पुन्हा वळण, पुन्हा धूर. या वेळी आई उतरली, पर्स काढून घेतली आणि दार अगदी हलकेच लावलं. आईने दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"हिला मी नको आहे," ती म्हणाली. "तू फिर हिच्यातून. मला नको आता बोलावू."

मी मिस्त्रींना हे सांगितलं. ते हसले नाहीत. यंत्राला माणूस कळत नाही, म्हणाले, पण माणूस बसल्यावर काहीतरी बदलतं हे नक्की, आणि बदलतं काय तर वजन. म्हणून त्यांनी आईच्या जागेवर वाळूचं पोतं ठेवलं, पट्टा बांधला आणि आम्ही पोत्याला तलाव दाखवून आणला. बेडकी जाताना गात गेली आणि येताना गात आली. हे आईला कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण गल्लीला डोळे असतात. संध्याकाळी आई भांडी पुसता पुसता म्हणाली, "पोतं चालतं म्हणे तिला."

त्या रात्री मी गाडी परत देऊन टाकावी असं जवळजवळ ठरवलं. गाडी बिघडलेली राहिली तर राहू दे, पण आईच्या मनात बसलेलं कसं काढणार? सर्व्हिस बुकात त्याचं पान नव्हतं.

सकाळी मिस्त्री म्हणाले, "ताई, शेवटचं एक करू. आज मी चालवतो. तुम्ही मावशींच्या जागेवर बसा आणि नुसतं ऐका, आवाज कुठून बदलतो ते."

मी बसले, पिशवी अडकवली, काच खाली केली. गल्ली संपली, रस्त्यावरचे खड्डे सुरू झाले, मी कान लावून ऐकत होते. बाजाराच्या वळणावर बेडकी खोकली.

मिस्त्रींनी काट्यांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांकडे. गाडी कडेला घेतली आणि एका बोटाने माझी पिशवी उचलली. ती डॅशबोर्डखालच्या काळ्या बटणाला लटकत होती. बटण चांगलं बोटभर बाहेर आलं होतं.

"ताई," ते म्हणाले, "ही खुंटी नाही. हा चोक आहे."

मला माहीत होतं. चोक ओढला की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं; थंडगार इंजिन जागं करायला ते लागतं, पण तापलेल्या इंजिनाला त्याने अजीर्ण होतं. पुस्तकातलं हे पान मला तोंडपाठ होतं. तरी मी पिशवी तिथे अडकवली, कारण त्या सीटवर बसलं की तिथेच अडकवायची असते. माझं सगळं लहानपण मागच्या सीटवरून मी हेच पाहत आले. बटणाला आईची पर्स, प्रत्येक खड्ड्याला झोके घेणारी. आणि उतरताना आई पर्स काढायची आणि अंगठ्याने बटण आत ढकलायची. अर्धवट उघडा ड्रॉवर तिला कुणाच्या घरीही बघवत नाही. म्हणून तर मिस्त्रींच्या हाती गाडी यायची तेव्हा सगळं जिथल्या तिथे असायचं.

"पण बाबांच्या गाडीला हेच बटण होतं," मी म्हटलं. "त्यावर जन्मभर पर्स होती. ती कधी नाही खोकली."

"मग तुमच्या बाबांनी बटणापासून इंजिनाकडे जाणारी तार सोडवली असणार. बटण नावाला."

"तार नसेल तर थंडीत सुरू कशी होणार?"

मिस्त्री उतरले, बॉनेट उघडलं, गोल फिल्टरचं झाकण बाजूला केलं आणि खालच्या कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर तळवा धरला. "अशी. हाताने हवा अडवायची आणि दुसऱ्या कुणीतरी किल्ली फिरवायची."

त्यांनी हात ठेवायच्या आधीच मला कळलं होतं. थंडीतल्या रोजच्या सकाळी बाबा बॉनेटमध्ये वाकलेले असायचे, हात कुठेतरी खोल घातलेला, आणि आई गाडीत किल्ली धरून बसलेली, त्यांच्या "हं" ची वाट बघत. मला वाटायचं, बाबा गाडीचा ताप बघतात. शाळेत सोडताना ते माझ्या केसांवरून हात फिरवायचे तेव्हा त्याला पेट्रोलचा वास यायचा. मीठ कमी पडलं तर शेजाऱ्यांना कळेल अशा आवाजात बोलणारा माणूस. आणि पर्स दुसरीकडे ठेव, एवढं त्यांच्याच्याने म्हणवलं नाही.

घरी जाऊन आईला सांगितलं तेव्हा ती खिडकीशी बसली होती. आधी तिचा विश्वास बसेना. मग म्हणाली, बाबांनी त्यांची गाडी आणली तेव्हा पहिले काही महिने तीही अशीच बंद पडायची. एका सुट्टीच्या दिवशी बाबा दिवसभर तिच्याखाली पडून होते. झालं नीट, एवढंच म्हणाले. काय झालं होतं ते विचारलं तर म्हणाले, किरकोळ.

"मला सांगितलं असतं तर मी मांडीवर घेतली असती," आई म्हणाली.

"मग का नसेल सांगितलं?"

तिने बराच वेळ हातातला चष्मा पुसला. "नवीन होतो गं तेव्हा आम्ही. नंतर सांगायला उशीर झाला असेल."

मिस्त्रींनी पर्ससाठी पितळेचा एक हूक आणून ठेवला होता, बसवायला पाच मिनिटं लागणार होती. आईने तो उलटसुलट करून पाहिला, छान आहे म्हणाली आणि घरात किल्ल्या अडकवायला ठेवून घेतला. गाडीची तार काढा, असं तिने त्यांना सांगितलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी तार काढा म्हटलं.

सकाळी गारठा होता. मी बॉनेट उघडून झाकण काढलं, तर आई शेजारी येऊन उभी. बाही वर सरकवलेली.

"तू किल्लीवर बस," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी किल्लीच फिरवली."

तळवा सपाट ठेव, इंजिन लागलं की लगेच काढ, असं मी दहादा बजावलं. तिने बॉनेटमधून "हं" म्हटलं. मी किल्ली फिरवली. बेडकी कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली आणि लागली. आई हात मागे घेऊन तळव्याकडे बघत उभी होती. तिथे एक लालसर गोल उठला होता.

"चांगलं ओढतं की," ती म्हणाली.

मी फडकं पुढे केलं. ते तिने घेतलं नाही. पुढच्या सीटवर येऊन बसली, पर्स बटणाला अडकवली आणि काच खाली केली. बाजाराच्या वळणावर पर्सने मोठा झोका घेतला, बटण बोटभर बाहेर आलं. आईने ते पाहिलं, मीही पाहिलं. दोघींपैकी कुणीच ते आत ढकललं नाही.