लाल शाई आणि निळा अंगठा

मित्रांनो, मी एक जुने, अंगाने बारीक पुस्तक आहे. छापून झाल्यावर तब्बल अकरा वर्षे मला कोणीही वाचले नव्हते, आणि तरीही माझ्यावर बंदी होती. हसू नका, पुढे ऐका.

माझा जन्म चिखलात झाला असे म्हटले तरी चालेल. खुशाल नावाचा एक तरुण पावसाळ्यात सायकल घेऊन वैनगंगेच्या काठची गावे फिरत होता. बायका गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोवणी करायच्या आणि गायच्या. हा बांधावर उभा राहून, चपला बगलेत मारून, ते गाणे वहीत उतरवायचा. बायका त्याला चिडवायच्या की बाबू, खाली उतर, दोन पेंढ्या लाव, मग सांगू गाणे. तो बिचारा उतरायचाही. त्याची रोपे दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगायची म्हणतात.

नागपूरच्या एका छोट्या छापखान्यात मी छापून निघालो. मोठा कागद छापायचा, त्याच्या घड्या घालायच्या, शिवायचे आणि मग कडा कापायच्या, अशी आम्हा पुस्तकांची रीत. पण छापखान्याचे कटाई यंत्र बिघडलेले होते आणि खुशालला घाई होती. त्यामुळे माझ्या कडा कापायच्या राहून गेल्या. पहिले पान मोकळे, बाकीची वरून आणि बाजूने जोडलेली. ज्या गावांत गाणी मिळाली त्या गावांच्या शाळांना खुशालने एकेक प्रत फुकट दिली. असा मी पवनीपासून दोन कोसांवरच्या एका हायस्कुलात आलो. तेव्हा सदुसष्ट साल होते. आता मुले मला वाचतील, या आनंदात मी टेबलावर पडलो होतो.

चौथ्या दिवशी भय्याजी आले. ते शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आणि गावच्या जुन्या मालगुजारांचे, म्हणजे गाव-तलावाच्या मालकांचे, नातू. बाजारात त्यांना कोणीतरी सांगितले होते की, या पुस्तकात तुमच्या आजोबांना शिव्या देणारे गाणे आहे. त्यांनी मला दोन बोटांनी कोपऱ्याला धरून उचलले, मेलेला उंदीर उचलतात तसे, आणि हेडमास्तरांसमोर टाकले. हेडमास्तरांनी माझ्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले, 'विद्यार्थ्यांस देऊ नये.' मग मला कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, फुटक्या चंचुपात्रांच्या शेजारी ठेवून कुलूप लावले. फार वाईट वाटले हो मला. माझा गुन्हा काय, हेसुद्धा मला कोणी वाचून दाखवले नाही.

अकरा पावसाळे मी त्या खणात काढले. बाहेर पाढे ऐकू यायचे, प्रार्थना ऐकू यायची. वाळवी आली, तिने शेजारचा नकाशा अर्धा खाल्ला. माझ्या वाट्याला ती आली नाही, याचाही मला थोडा अपमानच वाटला.

मग अठ्ठ्याहत्तर साली शाळेत टिकाराम सर आले. आणीबाणी उठून दीडेक वर्ष झाले होते, आणि काय छापावे, काय छापू नये, यावर अजून पानठेल्यांवरही वाद चालायचे. सरांनी दहावीच्या वर्गाला काम दिले. आजवर कोणकोणती पुस्तके बंद झाली, कोणी केली, काहून केली, ते शोधून आणा. नंतर आपण वर्गात वाद घालू. मुले रविवारी पायी पवनीच्या वाचनालयात गेली. तिथल्या म्हाताऱ्या ग्रंथपालांनी त्यांना सांगितले की, इंग्रजांच्या काळात पोलीस एका पुस्तकासाठी घराची झडती घ्यायचे आणि आपण स्वतः एक पुस्तक धान साठवायच्या ढोलीत, धानाखाली सात महिने पुरून ठेवले होते. सोमवारी हे सगळे वर्गात सांगितले गेले, तेव्हा मी कपाटातून ऐकत होतो. कागदाच्या चार पानांना सरकार घाबरते, हे मुलांना खरेच वाटेना. खरे सांगतो, मीसुद्धा माझ्या अंगाकडे नव्याने पाहिले.

तेवढ्यात एका मुलीने विचारले की, आपल्या शाळेत आहे काय असे एखादे पुस्तक?

तिचे नाव शकुन. तलावात मासे धरणाऱ्या घरची, शाळा सुटली की धान कापायला जाणारी. तिने उगाच विचारले नव्हते. तिची आजी बेबीबाई घरात नेहमी सांगायची की, एका सायकलवाल्या बाबूने माहं गानं लिहून नेलं, माहं नाव कागदावर गेलं. घरातले सगळे हसायचे. अंगठा उठवणाऱ्या बाईचे नाव कोण कशाला छापेल? आता म्हातारीने अंथरूण धरले होते. ती गोष्ट खरी की खोटी, हे शकुनला तिच्या जिवंतपणी कळायला हवे होते.

सरांनी हेडमास्तरांना विचारले, तेव्हा त्यांनी कुरकुरत कपाट उघडून मला बाहेर काढले, आणि वाद माझ्यावरच घालायचे ठरले. बातमी भय्याजींकडे पोचायला तासही लागला नाही. ते म्हणाले, घाला वाद, मी स्वतः येतो ऐकायला. पण वाद झाला की ते पुस्तक माझ्या हातात द्यायचे, मी ते तलावात टाकणार. तोवर कोणी त्याला हात लावायचा नाही.

शनिवारी सकाळची शाळा होती. मी टेबलावर, भय्याजी खुर्चीवर, आणि खिडकीबाहेर कापणीला आलेला हलका, लवकर पिकणारा धान. आधी बाबुलाल नावाचा मुलगा बंदीच्या बाजूने बोलला, आणि छान बोलला. तो म्हणाला, मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. मग छापून त्याची बदनामी करणे हा कुठला न्याय? पोरांनी माना हलवल्या. मलाही ते पटल्यासारखे झाले, मित्रांनो. माझ्या पोटात काय आहे, हे मला तरी कुठे धड ठाऊक होते!

शकुन उठली. तिने भय्याजींकडे पाहिले, सरांकडे पाहिले आणि मला उचलले. गाणे काढायला ती पाने उलटू लागली, पण ती उलटेनात. तिने पुन्हा पाहिले. मग तिने मला उंच धरले, सगळ्यांना दिसेल असे.

"भय्याजी, तुमी हे वाचलं काय जी?" तिने हळूच विचारले.

"वाचाची काय गरज? मले मालूम हाय."

"पानं जोडलेलीच हायेत. हे कोनंच वाचलं नाही."

भय्याजींनी हात पुढे केला, मला घेतले, कडेवरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटले, संपले. आता हे उठतील आणि सरळ तलावाकडे जातील. पण त्यांनी मला परत शकुनसमोर ठेवले आणि म्हणाले, "काप."

चाकू कुठून आणायचा? शाळा सुटल्यावर कापणीला जायचे म्हणून शकुनच्या पिशवीत विळा होता. तिने तो काढला आणि दातांनी ओठ चावत, एकेक घडी अलगद कापू लागली. काय सांगू तुम्हाला! अकरा वर्षांनी माझ्या आतल्या पानांवर उजेड पडला. चाळीस पोरे माझ्यावर वाकली होती. त्या वेळी मला माणसांच्या डोळ्यांचे जेवढे नवल वाटले, तेवढे आजवर कशाचेच वाटलेले नाही.

गाणे सापडले. शकुन वाचू लागली.

"मालक, तुमच्या तलावाची पाळ केवढी उंच गा,
भूक तुमची तिच्याहून उंच गा.
आमच्या जाळ्यात निस्तं पानी,
तुमच्या चुलीवर मासोळी गा."

दुसऱ्या ओळीपासूनच मागच्या बाकावरच्या मुली तिच्याबरोबर गुणगुणू लागल्या होत्या. त्यांना गाणे पाठ होते. दरवर्षी रोवणीत गावातली प्रत्येक बाई ते गात होती, भय्याजींच्या स्वतःच्या शेतातसुद्धा! बंदी होती ती फक्त माझ्यावर. आणि मी पाहिले, भय्याजींचे ओठही हलत होते.

"हे त माही मायबी म्हने," ते म्हणाले.

शकुनने पान उलटले. पुढचे कडवे वाचताना तिचा आवाज जरा अडखळला.

"रात्री फुटली पाळ गा, मालक उतरला गाळात गा,
आडवा पडून पानी अडवे साऱ्या गावासंगं गा.
धोतर गेलं वाहून त्याचं,
पाळ रायली जागी गा."

हे कडवे भय्याजींनी कधीच ऐकले नव्हते. कसे ऐकणार? मालक बांधावर दिसला की, बायका गाणे तिथेच तोडून दुसरे धरायच्या. त्यांच्या आजोबांच्या वेळीही तोडायच्या, वडिलांच्या वेळीही. मालकांच्या तीन पिढ्यांनी त्या गाण्याची फक्त सुरुवात ऐकली होती. पोरे हसू दाबून लाल झाली होती. भय्याजी मात्र खाली मान घालून बसले होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. मान वर केली तेव्हा ते हसत होते आणि डोळेही पुसत होते.

"पुढं वाच, पोरी," ते म्हणाले.

पुढे एकच ओळ होती, बारीक अक्षरात: 'सांगणारी, बेबीबाई, तलावाकाठचा मोहल्ला.' ती शकुनने वाचलीच नाही. तिने नुसते त्या ओळीवर बोट ठेवले आणि ती रडू लागली.

तलावात मी गेलो नाही. दुपारी शकुन कापणीला न जाता मला छातीशी धरून घरी पळाली, भय्याजींची परवानगी घेऊनच. म्हातारी खाटेवर होती. शकुनने तिचे बोट माझ्या त्या ओळीवर टेकवले आणि सांगितले, आजी, हे तुहं नाव. जाळे ओढून खरखरीत झालेले ते बोट ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले.

"मंग अंगठा कुठं देऊ?" तिने विचारले.

आयुष्यात जेव्हा जेव्हा तिचे नाव कागदावर आले, तेव्हा तेव्हा तिला अंगठा द्यावा लागला होता. शकुनने तिला समजावले नाही. तिने दौतीचे झाकण उघडले, आजीचा अंगठा निळ्या शाईत बुडवला आणि नावाशेजारी टेकवला. बेबीबाई त्याच महिन्यात गेली.

आता मी शाळेच्या उघड्या फळीवर असतो. माझी शिवण उसवली आहे, कडा विळ्याने कापल्यामुळे वाकड्यातिकड्या आहेत आणि पानांना कोणाकोणाच्या हाताची हळद लागली आहे. मला त्याचे काही वाईट वाटत नाही. मित्रांनो, एवढेच मागतो: पुस्तक आवडले नाही तर भांडा त्याच्याशी, वर्गात उभे राहून त्याची खुशाल चिरफाड करा, पण आधी त्याची पाने उघडा. आणि माझ्याकडे आलात तर हात धुऊन या. पहिल्या पानावरची लाल शाई आता वाचताही येत नाही इतकी फिकी झाली आहे. निळ्या अंगठ्याची मात्र रेघ न् रेघ अजून दिसते.